थ्रीडीतली बेडरूम एवढी मोठी कशी दिसते? वाचकांचे प्रश्न, आर्किटेक्टची उत्तरं

या महिन्यात आलेल्या प्रश्नांपैकी बरेचसे फिरून फिरून एकाच गोष्टीवर येतायत, बिल्डरचं ब्रोशर, सोसायटीत दाखवलेला वॉकथ्रू, म्हणजे न बांधलेल्या इमारतीतून फिरवून आणणारा व्हिडिओ, नाहीतर आर्किटेक्टने मोबाइलवर पाठवलेले थ्रीडी व्ह्यू. म्हणून म्हटलं या वेळी सगळी जागा त्यालाच देऊन टाकू. वास्तुशास्त्राचे प्रश्न पुढच्या वेळी, थोडा धीर धरा.

प्रश्न : वाकडला टू बीएचके बघतोय. ब्रोशरमध्ये मास्टर बेडरूमच्या फोटोत किंग साइज बेड, दोन्ही बाजूला टेबलं, समोर टीव्ही युनिट, कोपऱ्यात आरामखुर्ची, आणि तरी मधे गरबा खेळता येईल एवढी जागा. प्लॅनवर मात्र खोली १० बाय ११ लिहिलीये. आमच्या आत्ताच्या भाड्याच्या घरातली बेडरूमपण १० बाय ११ च आहे आणि तिथे कपाट उघडायचं तर बायकोला बेडवर चढावं लागतं. ही फसवणूक आहे का?

बायकोचं म्हणणं खरं मानून चाला, ती रोज ते कपाट उघडते.

आता ते चित्र कसं तयार होतं ते सांगतो. खोलीचं मॉडेल स्केचअप किंवा थ्रीडी मॅक्स असल्या सॉफ्टवेअरमध्ये बनतं आणि त्यात एक कॅमेरा ठेवतात. तो नुसता आकड्यांचा कॅमेरा असतो, त्याला अंग नसतं, त्यामुळे तो कुठेही उभा राहू शकतो, भिंतीच्या आतसुद्धा आणि भिंतीच्या पलीकडेसुद्धा. तुमच्या खोलीत बेडच्या मागची १० फुटी भिंत अख्खी चित्रात घ्यायची आणि ५० एमएमची लेन्स लावायची, म्हणजे वस्तूंची मापं डोळ्याला साधारण ओळखीची वाटतात ती लेन्स, तर कॅमेरा भिंतीपासून १३-१४ फूट मागे न्यावा लागतो. खोली ११ फुटांची. मग दोनच रस्ते उरतात, एकतर २४ किंवा त्याहून खालची वाइड लेन्स लावायची, ज्यात जवळच्या गोष्टी ताणल्या जातात आणि लांबची भिंत आणखी लांब गेल्यासारखी वाटते, नाहीतर मागची भिंत सरळ कापून टाकायची आणि कॅमेरा शेजारच्या किचनमध्ये उभा करायचा. बहुतेक वेळा दोन्ही थोडं थोडं करतात. याला लगेच फसवणूक म्हणू नका, नाहीतर लहान खोली चित्रात मावतच नाही. पण तुम्हाला जे दिसतंय ते त्या खोलीत उभ्या असलेल्या कुठल्याच माणसाला कधी दिसणार नाही, एवढं लक्षात ठेवा.

विश्वास बसत नसेल तर आत्ताच्या बेडरूमच्या दारात उभं राहून मोबाइलवर एक फोटो ०.५ वर काढा आणि एक २ वर. तीच खोली, तेच कपाट, पण पहिल्या फोटोवर तुम्हालाच जास्त भाडं द्यावंसं वाटेल.

खरी गडबड होते ती फर्निचरमध्ये. सॉफ्टवेअरच्या तयार फर्निचरच्या लायब्ररीतून उचललेला बेड ८५ टक्के केला तर कुणाला कळत नाही, आरामखुर्ची तर लहान मुलाच्या मापाचीपण खपून जाते. हे पकडायचे दोन सोपे मार्ग आहेत. एक म्हणजे फरशा मोजा. स्पेसिफिकेशनमध्ये २ बाय २ ची व्हिट्रिफाइड टाइल लिहिली असेल तर १० फुटांच्या भिंतीला पाचच फरशा लागायला पाहिजेत, चित्रात सात दिसल्या तर खोली १४ फुटांची झाली ना. दुसरं, दार बघा. दार साधारण ७ फूट उंच असतं आणि स्लॅबखालची उंची साडेनऊच्या आसपास, म्हणजे दाराच्या वर दाराच्या एक तृतीयांशाहून थोडी जास्त भिंत. चित्रात दाराच्या वर अजून एक अर्ध दार मावत असेल तर समजा की छत चित्रातच वर उचललंय.

आणि मग साधी वजाबाकी. खोलीची लांबी ११ फूट, हेडबोर्ड धरून बेड ७ फूट, समोर कपाट २ फूट. उरले २ फूट. कपाटाचं दार दीड-दोन फुटांचं. स्लायडिंग करा, भांडणं मिटतील.

कायद्याचं विचारताय तर रेरा कायदा २०१६ चा, त्याचं कलम १२ बघा. जाहिरात, प्रॉस्पेक्टस किंवा सँपल फ्लॅट बघून तुम्ही पैसे भरलेत आणि त्यातली माहिती खोटी निघून तुमचं नुकसान झालं तर भरपाई मागता येते, किंवा व्यवहारातून बाहेर पडायचं असेल तर पैसे व्याजासकट परत मागता येतात. या कायद्यात जाहिरातीची व्याख्या पण बरीच मोठी आहे, कुठल्याही स्वरूपातली प्रसिद्धी त्यात येते, म्हणजे रेंडर, हे कॉम्प्युटरवर मॉडेलवरून केलेलं चित्र, त्यात येत नाही असं काही नाही. पण ब्रोशरच्या तळाला मुंगीएवढ्या अक्षरात ‘कलात्मक चित्रण, प्रत्यक्षात फरक असू शकतो’ हे वाक्य असतं, आणि वाइड लेन्सने खोली मोठी दिसली यावर तुम्ही भांडायला गेलात तर समोरचा प्लॅनवरचं १० बाय ११ दाखवून मोकळा होईल. त्यापेक्षा क्लब हाउस, स्विमिंग पूल, समोरचा गार्डनचा पट्टा असल्या गोष्टी चित्रात असतील आणि मंजूर लेआउटमध्ये नसतील तर तिथे तुमची बाजू भक्कम. महारेराच्या साइटवर प्रोजेक्टचा नंबर टाका, मंजूर प्लॅन आणि कार्पेट एरिया तिथे असतो, आणि ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड टाकणं सक्तीचं आहे, त्यामुळे नुसतं स्कॅन केलं तरी पुरे. कार्पेटमध्ये आतल्या पार्टिशनच्या भिंती धरतात पण बाल्कनी धरत नाहीत, हे पण ध्यानात असू द्या, कारण ब्रोशरच्या चित्रात बाल्कनी आणि हॉल मधली काच उघडी टाकून सगळं एकच केलेलं असतं. आवडलेल्या चित्रातली जी जी गोष्ट हवी आहे ती करारनाम्याच्या जोडपत्रात, अमेनिटीजच्या यादीत, लिहिलेली आहे का ते बघूनच सही करा. आणि करारनामा रजिस्टर व्हायच्या आधी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम मागत असतील तर ते त्यांना मागताच येत नाही, हे जाता जाता.

प्रश्न : आमची मुलुंडला ४० वर्षं जुनी सोसायटी, रिडेव्हलपमेंटसाठी तीन डेव्हलपर आले. त्यातल्या एकाने हॉल भाड्याने घेऊन मोठ्या स्क्रीनवर ड्रोनसारखा वॉकथ्रू दाखवला, म्युझिक वगैरे, आणि अर्धी सोसायटी तिथेच खुश झाली. बाकी दोघांनी नुसते प्लॅन आणि तक्ते दिले. कमिटी मेंबर म्हणून मला धास्ती वाटते, पण नक्की काय विचारायचं ते कळत नाही.

धास्ती वाटते ते बरंच आहे. वॉकथ्रूत तुमची बिल्डिंग दिसली, पण शेजारच्या बिल्डिंगा दिसल्या का? माझा अनुभव असा की निम्म्या वॉकथ्रूत शेजारी एकतर पांढरे धूसर ठोकळे असतात नाहीतर सरळ हिरवळ आणि लांबवर डोंगर. मुलुंडला डोंगर आहे म्हणा, पण तुमच्या तिसऱ्या मजल्यावरून तो दिसणार आहे का हा प्रश्न आहे.

डेव्हलपरला लेखी कळवा की आम्हाला ड्रोन नको, माणसाच्या उंचीवरून व्ह्यू द्या. तिसऱ्या मजल्यावरच्या किचनच्या खिडकीतून बाहेर काय दिसतं, गेटमधून आत शिरल्यावर काय दिसतं, पार्किंगच्या लेव्हलवर उभं राहिलं तर काय, आणि प्रत्येकात शेजारच्या बिल्डिंगा खऱ्या उंचीच्या टाका. मॉडेल तर त्यांच्याकडे तयारच आहे, कॅमेरा हलवायला फार तर एक दिवस जाईल. नाही म्हणाले तर का नाही ते विचारा.

उन्हाचं नक्की विचारा. मॉडेलला जागेचे अक्षांश-रेखांश, तारीख आणि वेळ देता येते, मग सावल्या खऱ्या पडतात. पण बहुतेक वेळा व्हिज्युअलायझर, म्हणजे ही चित्रं करणारा माणूस, सूर्य हाताने सरकवून जिथे छान दिसेल तिथे ठेवतो, त्याला कोण विचारतंय. मुंबईत २२ डिसेंबरला भर दुपारी सूर्य दक्षिणेला साधारण ४७ अंशांवर असतो, म्हणजे ३६ मीटर उंच, १२ मजली बिल्डिंगची सावली उत्तरेला ३३ मीटरपर्यंत जाते, आणि चार वाजेपर्यंत ती दुपटीहून लांब होऊन ईशान्येकडे वळते. समजा तुमच्या दक्षिणेला आधीच टॉवर उभा आहे, तर खालच्या मजल्यांना हिवाळ्यात ऊन मिळणार का हे त्या म्युझिकवाल्या व्हिडिओत कळणार नाही, २२ डिसेंबर दुपारी १२ आणि ४ च्या सावलीच्या दोन साध्या चित्रांत कळेल. रेंडरमध्ये उत्तरेच्या बाल्कनीत चहाच्या कपावर कोवळं ऊन पडलेलं मी कितीदा तरी बघितलंय. मुंबईत दुपारचा सूर्य उत्तरेकडे जातो तो मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत, आणि त्यातला अर्धा वेळ तर ढगच असतात.

झाडं. पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या स्लॅबवर, जे गार्डन दाखवलंय तिथे मातीची खोली किती ते विचारा. दोन-अडीच फूट मातीत गवत येईल, जास्वंद येईल, चाफा पण लागेल, पण चित्रातला तो घेरदार वृक्ष तिथे कुठून येणार. आणि जमिनीवर लावला तरी तेवढा व्हायला वीस वर्षं लागतात, तोपर्यंत सोसायटीची मीटिंग उन्हातच.

अजून एक गोष्ट कुणी विचारत नाही. चित्रातल्या एलिव्हेशनवर, म्हणजे दर्शनी बाजूवर, एसीची बाहेरची युनिटं, कपडे वाळत घालायच्या दोऱ्या, ड्रेनेजचे पाइप आणि सेफ्टी ग्रिल कुठे आहेत? ताबा मिळाल्यावर पहिल्या सहा महिन्यांत हे सगळं येतंच, आणि ज्याने आधी जागा ठेवली नाही त्याची बिल्डिंग मग कशीही दिसते. मला विचाराल तर ज्या डेव्हलपरच्या व्ह्यूमध्ये कपडे वाळत घातलेले दिसतील त्याला मी दोन मार्क जास्त देईन.

बाकी दोघांनी तक्ते दिलेत ना, ते नीट वाचा, जास्तीचा कार्पेट किती, भाडं किती महिन्यांचं, बँक गॅरंटी किती. तिघांनाही एकाच जागेवरून, एकाच तारखेचे व्ह्यू द्यायला सांगा आणि ते जनरल बॉडीपुढे शेजारी शेजारी लावा. म्युझिक बंद.

प्रश्न : रत्नागिरीजवळ गावी घर बांधायचंय. मुलगा दुबईला असतो, त्याने एआयवर घराची चित्रं करून पाठवली, फार सुंदर आहेत. पण इथला कॉन्ट्रॅक्टर म्हणतो असं बांधताच येत नाही. मुलगा म्हणतो कॉन्ट्रॅक्टर जुन्या वळणाचा आहे. मी कुणाचं ऐकू?

काका, तुम्ही पाठवलेली चित्रं बघितली, खरंच सुंदर आहेत, मुलाची आवड चांगली आहे. पण कॉन्ट्रॅक्टर बरोबर सांगतोय.

आर्किटेक्टच्या रेंडरमागे मॉडेल असतं, भिंत ९ इंचांची आहे, खांब इथे आहे, जिना एवढ्या पायऱ्यांचा आहे, आणि कॅमेरा कुठेही नेला तरी घर तेच राहतं. एआयच्या चित्रामागे घरच नसतं. त्याने हजारो घरांचे फोटो बघून एक नवीन फोटो जुळवलाय. तुमच्या पहिल्या चित्रात समोरून उजवीकडे जिना आहे, मागच्या बाजूच्या चित्रात तो जिना गायब आणि तिथे काच. वरची गॅलरी पंधराएक फूट हवेत पुढे आलीये आणि खाली एकही खांब नाही. चार-पाच फुटांची गॅलरी सहज निघते, त्याच्या पुढे गेलं की मोठे बीम, जास्त सळई आणि इंजिनिअरचं डिझाइन लागतं, पंधरा फूट म्हणजे घराच्या बजेटमधला मोठा घास तिथेच गेला.

पण मला जास्त काळजी छपराची वाटली. दोन उतार आतल्या बाजूला एकमेकांकडे येतात आणि मधे पाणी जायला काहीच नाही, पन्हळ नाही, पाइप नाही. तुमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, ते पाणी सगळं त्या खाचेत येणार आणि तिथून हॉलमध्ये. शिवाय भिंतींवर छपराची झेप जेमतेम वीतभर, त्यामुळे वाऱ्याबरोबरचा पाऊस सरळ त्या मोठ्या काचेवर. आपल्या जुन्या घरांना पडवी आणि लांब पागोळ्या उगाच नव्हत्या.

चित्रं फेकून देऊ नका मात्र. मुलाशी व्हिडिओ कॉल लावा आणि त्याला विचारा की या चित्रातलं तुला नक्की काय आवडलं, चिऱ्याची उघडी भिंत, दुमजली उंच हॉल, की बागेकडे उघडणारी मोठी दारं. बहुतेक दोन-तीनच गोष्टी निघतील. त्या घेऊन तिकडच्या एखाद्या आर्किटेक्टकडे जा, आधी प्लॅन आणि सेक्शन काढून घ्या, सेक्शन म्हणजे घर मधून उभं कापल्यावर दिसतं तसं ड्रॉइंग, छपराचं पाणी कुठे जातं ते तिथेच कळतं, आणि मग त्याच घराचे खरे थ्रीडी व्ह्यू करून दुबईला पाठवा. लांब राहणाऱ्या माणसाला प्लॅन वाचता येत नाही तेव्हा व्ह्यूचा खरा उपयोग असतो, तो घरात फिरून आल्यासारखं बोलायला लागतो, खिडकी खाली घ्या, देवघर इथे नको, वगैरे. हे कागदावर असताना बदलायला फुकट आहे, वीटकाम झाल्यावर नाही.

प्रश्न : मी कोल्हापूरला आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ज्युरीत, म्हणजे आमची डिझाइनं परीक्षकांसमोर मांडतो तेव्हा, ज्यांचे रेंडर भारी त्यांनाच मार्क मिळतात असं वाटतं. मी हाताने चांगलं काढते पण ते आता कोण बघतं? घरच्यांना सांगून ग्राफिक कार्डवाला महाग लॅपटॉप घ्यावा का?

लॅपटॉप लागेलच कधीतरी, पण घाई करू नकोस. ब्लेंडर फुकट आहे, बाकीच्या बऱ्याच सॉफ्टवेअरची स्टुडंट लायसन्स मिळतात, आणि कॉलेजच्या लॅबमध्ये रात्री रेंडर लावून ठेवणारे पण असतातच, त्यांच्याशी ओळख वाढव.

चित्राने काम मिळवणं हे काही कॉम्प्युटर आल्यावर सुरू झालेलं नाहीये. मुंबईचं सीएसएमटी घे. त्याचा आर्किटेक्ट फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सच्या डिझाइनचं जलरंगातलं भव्य चित्र ॲक्सेल हेग या चित्रकाराने १८७८ च्या सुमारास केलं, आणि त्या चित्राचा स्टीव्हन्सला ते काम मिळण्यात मोठा वाटा होता असं सांगतात. म्हणजे आजच्या भाषेत व्हिज्युअलायझर बाहेरून लावला होता. पण ते स्टेशन पुढे दहा वर्षं बांधलं गेलं ते जलरंगावरून नाही, ड्रॉइंगवरून.

अलीकडचं बघायचं तर जर्मनीत हॅम्बुर्गची एल्बफिलहार्मोनी, संगीताच्या मैफलींचा हॉल. २००३ मध्ये जुन्या गोदामावर काचेची लाट ठेवल्यासारखं हर्झोग आणि द म्यूरॉन या आर्किटेक्टचं चित्र लोकांसमोर आलं आणि शहर त्या चित्राच्या प्रेमातच पडलं. सुरुवातीला शहरावर ७ कोटी ७० लाख युरोचा भार येईल म्हणत होते, २०१७ मध्ये हॉल उघडला तेव्हा तो आकडा ७८ कोटी ९० लाखांवर गेला होता. इमारत अप्रतिम आहे, आज कुणी तक्रार करत नसेल, पण चित्र आवडलं की हिशोब मागे पडतो, हे बघून ठेव. टोकियोत उलटं झालं, आर्किटेक्ट झाहा हदीदचं स्टेडियम २०१२ च्या स्पर्धेत जिंकलं, चित्रं जगभर फिरली, पण खर्च एवढा फुगला की २०१५ मध्ये ते रद्दच केलं.

आता तुझ्या हाताबद्दल. आपल्या पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी, २०१८ चं प्रित्झकर, म्हणजे आर्किटेक्चरमधलं सगळ्यात मोठं पारितोषिक, मिळालेले, ते आपल्या इमारती जुन्या लघुचित्रांसारख्या रंगवून दाखवायचे, त्यात प्लॅन, दर्शनी बाजू, झाडं, माणसं सगळं एकाच कागदावर नांदतं. असल्या चित्राकडे बघून कुणी टाइलच्या रंगावर भांडत नाही, लोक जागेबद्दल बोलतात. आणि इथेच मुद्दा आहे बघ. डिझाइन कच्चं असताना फोटोसारखं रेंडर लावलंस की समोरच्याला वाटतं सगळं ठरलंय, मग ज्युरी किंवा क्लायंट सोफ्याच्या कापडावर बोलत बसतात आणि जिना चुकीच्या जागी आहे ते तसंच राहून जातं. मी ऑफिसमध्ये पहिल्या दोन मीटिंगला मुद्दाम पांढरं मॉडेल किंवा हाताचं स्केच नेतो. रंग, मटेरियल, ऊन हे सगळं नंतर, क्लायंटला काय निवडायचंय ते कळायला लागल्यावर.

रेंडर शीक, त्यात वाद नाही, कारण नोकरीत पहिल्या दिवशी तेच विचारतात. पण बटणं पाठ करण्यापेक्षा प्रकाश शीक. १९८६ साली जेम्स कजिया यांनी प्रकाश पृष्ठभागांवरून कसा उसळत जातो त्याचं समीकरण मांडलं, आजची फोटोसारखी चित्रं करणारी इंजिनं त्याच पायावर चालतात. ते समीकरण भिंतीवरचं ऊन हुबेहूब दाखवेल, पण त्या भिंतीला खिडकी कुठे हवी ते तुलाच ठरवायचंय. ज्युरीला जाताना एक सेक्शन मोठा काढ, हाताने, आणि त्यात ऊन, वारा, माणसं दाखव, बाजूला एकच चांगलं रेंडर लाव. मी स्वतः बरेचदा ज्युरीला बसतो. बारा चकचकीत शीटनंतर असा एक कागद आला की आम्ही खुर्चीतून उठून जवळ जातो.

प्रश्न : आर्किटेक्टने फी ठरवली, आता थ्रीडी व्ह्यूचे वेगळे पैसे मागतोय. हे बरोबर आहे का?

ठरवताना काय बोलणं झालं त्यावर आहे. बऱ्याच ऑफिसात हे काम बाहेरच्या व्हिज्युअलायझरकडे जातं आणि तो प्रत्येक व्ह्यूचे पैसे घेतो, त्यामुळे वेगळे मागणं गैर नाही, पण किती व्ह्यू, कुठून, आणि किती वेळा बदल करून मिळणार हे आधी कागदावर घ्या. बाहेरचे दोन आणि रोज वापराच्या खोल्यांचे दोन-तीन पुरतात. बाथरूमचा व्ह्यू कशाला.

प्रश्न : रेंडरमध्ये बाहेरचा रंग हलका राखाडी दिसत होता, भिंतीवर लावला तर निळसर दिसतो. पेंटर म्हणतो शेड कोड तोच आहे. आता काय?

पेंटर खरं बोलतोय बहुतेक. स्क्रीनवरचा रंग तुमच्या मोबाइलच्या ब्राइटनेसवर, रेंडरमधल्या संध्याकाळच्या पिवळ्या उजेडावर, आणि नंतर फोटोशॉपमध्ये कुणी काय केलं त्यावर अवलंबून असतो. उघड्या आभाळाखाली राखाडी रंग निळाच मारतो, सावलीच्या बाजूला तर हमखास. सगळी भिंत रंगवून झाली नसेल तर थांबा, जरा पिवळट झाकेचे दोन-तीन राखाडी शेड आणा, ३ बाय ३ फुटांचे पट्टे उन्हाच्या आणि सावलीच्या अशा दोन्ही भिंतींवर मारा, दोन हात द्या, आणि सकाळी नऊला, दुपारी आणि संध्याकाळी लांब रस्त्यावरून बघा. मोबाइलमध्ये फोटो काढून ठरवू नका, परत तोच घोळ. आणि जे काय करायचं ते मेच्या आत उरका, भिंतीत ओल राहिली तर कुठलाच शेड टिकणार नाही.